दडा बसलेला कान आणि कोमट तेलाची वाटी

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही ऐरोलीला राहतो. सासरे 76 वर्षांचे आहेत, मधुमेहाची गोळी चालू आहे. दोन वर्षांपासून उजव्या कानाला मशीन लावतात. गेले दोन महिने मशीन लावूनही त्या कानाने नीट ऐकू येत नाही, मशीन सारखी शिट्टी मारते, टीव्ही शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका मोठा लावतात. म्हणतात, कानात दडा बसलाय. सासूबाई लसूण कडवलेलं तेल घालू म्हणतात. ह्यांनी ऑनलाइन कॅमेऱ्याचं कानकोरणं मागवलंय, त्यात मोबाइलवर कानाच्या आतलं दिसतं. शेजारचे काका म्हणतात, स्टेशनबाहेरच्या माणसाकडे पाच मिनिटांत काम होतं. मुलगा आठ वर्षांचा आहे, पोहायला जातो. त्याच्या दोन्ही कानांत सासूबाई दर रविवारी खोबरेल तेल सोडतात. घरी नक्की काय केलेलं चालतं? – एक सून, ऐरोली

उत्तर :

आज रात्री सासऱ्यांच्या कानात काहीही घालू नका. तेल नको, थेंब नकोत, कॅमेराही नको. उद्या किंवा परवा त्यांना तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या आणि एवढंच सांगा, "कानात बघता का?" कानात बघायची छोटी बॅटरी बहुतेक फॅमिली डॉक्टरांकडे असते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मळ दिसला तर पुढचं बरंचसं घरी करता येईल, आणि ते कसं करायचं ते मी खाली सविस्तर लिहिते आहे.

आधी बघणं एवढ्यासाठी की दडा बसल्यासारखं वाटायला मळ हे एकच कारण नसतं. पावसाळी दमट हवेत, त्यातून मशीनचा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, दिवसभर कानात असेल तर, आत बुरशी धरते. पडद्याला जुनं भोक असू शकतं. किंवा मळाचा काही संबंधच नसतो, ऐकण्याची ताकदच आणखी कमी झालेली असते. बाहेरून हे सगळं सारखंच वाटतं. भोक असलेल्या कानात तेल गेलं तर ते थेट मधल्या कानात उतरतं आणि मग खरा ठणका लागतो. म्हणून सासऱ्यांना हेही विचारून घ्या : लहानपणी कधी कान फुटला होता का, कान वाहायचा का, कानाचं ऑपरेशन झालंय का? आपल्याकडे त्या पिढीत "लहानपणी वाहायचा, मग आपोआप थांबला" असं सांगणारे पुष्कळ असतात. थांबला म्हणजे भोक बुजलं असं नाही.

मी कान-नाक-घशाच्या ओपीडीत परिचारिका म्हणून पुष्कळ वर्षं काढली. तिथे येणाऱ्या माणसांची एक खंत मला कायम जाणवायची. मळ साठला म्हणजे आपण अस्वच्छ, असं त्यांना वाटायचं. मान खाली घालून सांगायचे, "सिस्टर, मी रोज साफ करतो हो." त्यांना मी जे सांगायचे तेच तुम्हाला सांगते : रोज साफ करता म्हणूनच साठलाय.

कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढी. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त तिच्या बाहेरच्या भागात, दाराजवळ असतात. तो चिकट, किंचित आम्लधर्मी मळ पाण्याला अडवतो, धूळ पकडतो, जंतूंना आणि बुरशीला वाढू देत नाही. आणि नळीची कातडी पडद्याकडून बाहेर सरकत असते, अगदी सावकाश, नख वाढतं त्या गतीने. आपण बोलतो, चावतो, जांभई देतो तेव्हा जबडा हलतो आणि सुकलेला मळ खपल्यांसारखा बाहेर येऊन पडतो. निरोगी कानाला आपली मदत लागतच नाही. आतल्या, हाडाच्या भागात तर मळाच्या ग्रंथीच नसतात. त्यामुळे पडद्याला टेकलेला मळ दिसला, की तो बहुतेक वेळा कशाने तरी ढकललेला असतो, हे आम्हाला बघूनच कळायचं.

ढकलतं कोण? इअरबड, पेनचं टोपण, केसांची पिन, दुचाकीची किल्ली, उदबत्तीची काडी. हे सगळं मी पाहिलेलं आहे. कापसाच्या बडने थोडा मळ कापसावर येतो, तो बघून समाधान होतं, आणि उरलेला सगळा आत दाबला जातो. बंदुकीत दारू ठासावी तसा. शिवाय बड रोज फिरवला की कातडीवरचा तेलकट थर जातो, ती कोरडी होते, खाजते. खाजलं की पुन्हा बड. तुमच्या घरात ही सवय कोणाला असेल तर पंधरा दिवस डबा कपाटात वर ठेवून बघा. खाज बहुतेक वेळा आपसूक कमी होते. बडच्या बऱ्याच पाकिटांवर 'कानाच्या नळीत घालू नका' असं छापलेलं असतं, पण ते वाचायचं कोणाच्या मनातच येत नाही.

सासऱ्यांच्या बाबतीत तर दोष कोणाचाच नाही. वयाबरोबर मळ कोरडा आणि घट्ट होतो, कानातले केस राठ होतात आणि तो त्यांत अडकतो. त्यात मशीनचा मोल्ड दिवसभर दारातच बसलेला, म्हणजे बाहेर यायची वाटच बंद. आणि मळाने नळी भरली की मशीनचा आवाज त्यावर आपटून परत मायक्रोफोनमध्ये शिरतो, म्हणून शिट्टी. तेव्हा मशीन बिघडली असं समजून दुकानात पैसे भरण्याआधी कान बघून घ्या.

डॉक्टरांनी बघून "मळच आहे, पडदा ठीक आहे" असं सांगितलं, तर मळ मऊ करायचे थेंब लिहून मागा. सोडियम बायकार्बोनेटचे असतात, मळ विरघळवणारे असतात, औषधी ऑलिव्ह तेलाचेही असतात. यातला एक दुसऱ्यापेक्षा फार सरस, असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. साध्या सलाइनच्या थेंबांनीही मळ मऊ होतो. म्हणून महागड्या बाटलीमागे धावू नका. बदामाचं किंवा शेंगदाण्याचं तेल असलेले थेंब असतील आणि घरात कोणाला त्यांची ॲलर्जी असेल, तर तेवढं केमिस्टला विचारून घ्या.

आता घालायची पद्धत. यात घाई करू नका, कारण बहुतेक घरांत थेंब बरोबर असतात आणि पद्धत चुकते. रात्रीची वेळ बरी, जेवण झाल्यावर, मशीन काढून डब्यात ठेवल्यावर. बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरा, अंगाच्या उबेइतकी होऊ द्या. गॅसवर नाही, गरम पाण्यात नाही. थंड थेंब पडला की डोकं गरगरतं, आणि 76 व्या वर्षी गरगरून पलंगावरून उठणं म्हणजे पडायचं निमित्त. त्यांना डाव्या कुशीवर झोपवा, उजवा कान वर. कानाखाली जुना टॉवेल घाला, उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग पडतात. एका हाताने पाळी हळूच वर आणि मागे ओढा, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. बाटलीचं टोक आत न टेकवता दोन-तीन थेंब सोडा. मग कानाच्या तोंडाशी, गालाच्या बाजूला जो छोटा कुरकुरीत उंचवटा असतो, तो बोटाने हलकेच चार-पाच वेळा दाबा. थेंब आत उतरल्याचा बारीक पचपच आवाज त्यांना येईल. पाच-दहा मिनिटं तसंच पडून राहू द्या. मग उठून मान कलती करा, बाहेर जे येईल ते मऊ कापडाने टिपा. कापसाचा बोळा खोल कोंबू नका, तो थेंब स्वतःच पिऊन घेतो.

दिवसातून दोन-तीन वेळा, तीन ते पाच दिवस. बाटलीवर किंवा डॉक्टरांनी वेगळं लिहिलं असेल तर त्याप्रमाणे. दिवसा घातले तर कान बाहेरून कोरडा झाल्यावरच मशीन लावा.

एक गोष्ट सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दडा कमी व्हायच्या ऐवजी वाढल्यासारखा वाटतो. मळ ओला होऊन फुगतो आणि उरलीसुरली फटही बुजते. इथेच लोक घाबरतात आणि पिन उचलतात. धीर धरा. पाच दिवस झाले की थेंब थांबवा आणि वाट बघा. मऊ झालेला मळ पुढच्या दोन आठवड्यांत तुकड्या-तुकड्याने बाहेर पडतो, आंघोळीनंतर टॉवेलवर मधासारखा किंवा गुळाच्या ढेपेच्या चुऱ्यासारखा दिसतो. मात्र थेंब घातल्यावर झोंबलं, ठणका लागला, पाणी किंवा पू आला, तर त्याच क्षणी बंद करून डॉक्टरांकडे.

थेंबांनी भागलं नाही तर घरी पिचकारीने पाणी मारू नका, हे मी तुमच्या सासऱ्यांसाठी मुद्दाम लिहिते. मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाच्या कानात नळाचं पाणी जोराने गेलं आणि आत ओरखडा पडला, तर क्वचित पण फार वाईट संसर्ग होतो. तो कातडीवर न थांबता हाडापर्यंत जातो. त्यांचा मळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी, डोळ्यांनी बघत, सक्शनने, म्हणजे मळ ओढून घेणाऱ्या बारीक नळीने, किंवा बारीक हुकने काढलेला बरा. वाशीच्या महापालिका रुग्णालयात किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात दाखवता येईल. ट्रान्सहार्बर लोकलने वाशीला थेट आणि कळव्याला ठाण्याहून पुढे जाणं तुम्हाला अवघड नाही, फक्त ओपीडीचा वार आधी विचारून घ्या. पाच दिवस थेंब घालून गेलात तर डॉक्टरांचं काम सोपं होतं आणि सासऱ्यांना त्रासही कमी होतो. सक्शनचा आवाज कानाच्या अगदी आत घोंघावतो, थोडं गरगरतंही, म्हणून सोबत कोणीतरी असू द्या.

माझ्या वडिलांची गोष्ट सांगते, कारण तुमच्या पत्रातला टीव्ही मला ओळखीचा वाटला. आम्ही तेव्हा ठाण्यात, नौपाड्यात राहायचो. दादा हळूहळू घरातल्या बोलण्यातून बाजूला झाले. हाक मारली तर वळायचे नाहीत, जेवताना गप्प. मी दिवसभर दुसऱ्यांचे कान बघत होते आणि घरी मला वाटत होतं की दादा आता चिडचिडे झाले, वय झालं. आई म्हणायची, त्यांना हवं तेच ऐकू येतं. दोन-अडीच महिने असे गेले. शेवटी त्यांनीच मला सांगितलं, "एकदा माझ्याही कानात बघ की." डॉक्टरांनी दोन्ही कानांतून चिंचोक्याच्या रंगाचे घट्ट खडे काढले. गोखले रोडवरून रिक्षाने परत येताना दादांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि म्हणाले, "केवढा आवाज करते गं ही रिक्षा!" त्या दोन महिन्यांत मी त्यांच्यावर किती वेळा ओरडून बोलले होते, ते मला अजून आठवतं. तुमच्या सासऱ्यांना घरात कोणी हट्टी म्हणत असेल, तर कान तपासून होईपर्यंत तो शब्द थांबवा.

आता सासूबाईंचं तेल. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, आणि तेलाने मळ मऊ होतो हे त्यांचं म्हणणंही बरोबरच आहे. घात होतो तो कढल्यात. कढलेलं तेल वाटीत वरून निवलेलं वाटलं तरी आत गरम असू शकतं. बोटाला सोसवतं ते पडद्याला सोसवत नाही. लसणीचा बारीक कण आत गेला तर तो तिथेच कुजतो, आणि कच्च्या लसणीच्या रसाने कातडी भाजते. म्हणून लसणीचं कडवलेलं तेल सासऱ्यांनाही नको, नातवालाही नको.

मुलाला खरं म्हणजे काहीच नको. आठ वर्षांच्या मुलाच्या कानात पिवळा मळ दिसणं ही चांगली खूण आहे, पोहणाऱ्या मुलाच्या कानाचं पाण्यापासून रक्षण तोच करतो. दर रविवारी तेल, मग तलावाचं पाणी, मग दमट हवा, असं एकत्र आलं की मळ फुगतो आणि बुरशीला ओल मिळते. पोहून आल्यावर मान दोन्ही बाजूंना कलती करायला सांगा, पाळी थोडी ओढून पाणी ओघळू द्या, टॉवेलच्या टोकाने बाहेरचं टिपा. बस. सासूबाईंना रविवारचं तेल डोक्याला आणि कानामागे चोळू द्या, तो त्यांचा आणि नातवाचा वेळ आहे, तो मोडू नका. कधी मुलाने कानात मणी, वाटाणा घातला तर तेल-पाणी न घालता डॉक्टरांकडे न्या, कडधान्य ओलं झालं की फुगतं. आणि खेळण्यातली किंवा रिमोटची बटणासारखी बॅटरी घातली तर एक तासही थांबू नका, ती आत कातडी जाळते.

कॅमेऱ्याचं कानकोरणं परत पाठवता आलं तर पाठवा. चित्र मोठं दिसतं म्हणून साधा, निरोगी मळही भयंकर वाटतो आणि तो काढायचा मोह होतो. मोबाइलच्या पडद्यावर कानकोरण्याचा चमचा मळाला टेकलेला दिसतो तेव्हा तो खरं किती आत आहे, हे चित्रावरून कळत नाही. मागून कोणाचा धक्का लागला की संपलं. स्टेशनबाहेर कान साफ करणारा माणूस आपलं पोटच भरत असतो, त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण तीच सळई एका कानातून दुसऱ्या कानात जाते, आणि मधुमेह असलेल्या माणसाला तो धोका परवडणारा नाही. इंटरनेटवर कानात लावायच्या मेणबत्त्याही विकल्या जातात. त्यांनी मळ निघत नाही, भाजतं मात्र. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2017 च्या मार्गदर्शिकेत त्या वापरू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच मार्गदर्शिकेत हेही आहे की मळामुळे काही त्रास नसेल, ऐकू नीट येत असेल आणि डॉक्टरांना पडदा बघायची गरज नसेल, तर मळ काढायलाच नको.

एका गोष्टीत मात्र उशीर करू नका, आणि ही घरातल्या सगळ्यांसाठी आहे. चांगला ऐकू येणारा एक कान काही तासांत किंवा रात्रीतून बंद झाला, तर "मळ असेल" म्हणून थेंब घालत बसू नका. तोंड मिटून 'म्म्म' असा सूर धरा. मळाने बंद झालेल्या कानात तो सूर जास्त मोठा वाटतो. चांगल्या कानात मोठा वाटला तर आतली नस दुखावलेली असू शकते. ही घरगुती खूण पुरेशी नाही, सूर कुठेही वाटला तरी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नस दुखावली असेल तर पहिल्या काही दिवसांत औषध मिळण्यावर पुढचं ऐकणं अवलंबून असतं. तसंच तोंड वाकडं होणं, सतत चक्कर, कानातून रक्त, मधुमेही माणसाच्या कानात रात्री झोपू न देणारा ठणका, यांतलं काहीही असेल तर घरचे उपाय बाजूला ठेवा.

मळ निघाल्यावर मशीनची काळजी रोज रात्री घ्या. कोरड्या कापडाने मोल्ड पुसा, सोबत आलेल्या छोट्या ब्रशने छिद्र खाली धरून झाडा म्हणजे कण बाहेर पडतील, मळ अडवणारी जाळी असेल तर ती कधी बदलायची ते मशीनवाल्याकडून शिकून घ्या. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना कानात बघायला सांगा, सासऱ्यांचा कान पुन्हा भरणारच. कान साफ होऊनही ऐकू कमी येत असेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून मशीनचं सेटिंग नव्याने बसवून घ्या.

आणि साफ करून आल्यावर पहिल्या दिवशी मशीनचा आवाज कमी ठेवा. दोन महिन्यांनी भांड्यांचा, पंख्याचा, नळाचा आवाज एकदम आदळतो. टीव्ही लावायच्या आधी रिमोट त्यांच्या हातात द्या आणि आवाज त्यांनाच ठरवू द्या.